बारक्या चिचुंद्रीच्या अडतीस काड्या

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. अंगाने काळा, पितळी स्क्रूंचा आणि एकाच डोळ्याचा. माझा जन्म १९८१ साली अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तेथे एका म्हाताऱ्या कारागिराने माझी नळी बसवली, भिंग फुंकर मारून पुसले आणि समाधानाने मान हलवली. मग भुशाने भरलेल्या लाकडी पेटीत बसून मी जळगावपर्यंत रेल्वेने आणि तेथून एस.टी.च्या टपावरून धुळ्याला आलो. पांझरा नदी ओलांडली की देवपूर लागते. तिथल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या टेबलावर मला जागा मिळाली.

मित्रांनो, माझ्या पोटाखाली एक गोल आरसा आहे. खिडकीतले ऊन तो पकडतो आणि वर पाठवतो. त्यामुळे वीज गेली तरी माझे काम अडत नसे. पहिली काही वर्षे मी झुरळाचे तोंड, कांद्याची साल आणि बेडकाचे रक्त दाखवण्यात घालवली. मुले एक डोळा मिटून माझ्यात डोकावत, काही न दिसताच "दिसलं, सर" म्हणत आणि वहीत पुस्तकातले चित्र उतरवत. मला त्याचे वाईट वाटत नसे. माझे आयुष्य असेच जाणार, अशी माझी समजूत होती.

१९८६ साली रतिलाल नारखेडे नावाचे तरुण प्राध्यापक आमच्याकडे रुजू झाले. सावद्याच्या केळी पिकवणाऱ्या घरातले ते. अंगाने किरकोळ, बोलणे हळू, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की बाहेर निघत नसे. त्यांच्या डोक्यात चिचुंद्री शिरली होती.

तुम्ही चिचुंद्री पाहिली असेल. लांब नाक, बारीक डोळे, अंगाला उग्र वास. लोक तिला उंदीर समजतात. पण ती उंदराच्या कुळातली नाही. ती धान्य कुरतडत नाही, किडे खाते. सरांच्या आत्या धुरपदाबाई सावद्याला स्वतःची केळीची बाग एकट्या सांभाळत. त्या बागेत वाळलेल्या पानांच्या थराखाली एक बारीक, राखी रंगाची चिचुंद्री राही. जुन्या पुस्तकांत कोणी अशा चिचुंद्रीला वेगळी जात म्हटले होते, तर कोणी घरातल्याच चिचुंद्रीचे लहान रूप. कवटी मोजून, शेपूट मोजून निकाल लागत नव्हता.

सर मला एकदा पेटीत घालून, मांडीवर धरून, बसने सावद्याला घेऊन गेले होते. बागेच्या कडेला खाट टाकून तिच्यावर मला ठेवले. धुरपदाबाई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या होत्या.

"याच्यात काय दिसते रे बाबू?"

"आत्या, ही बारकी आणि घरातली एकच आहे का वेगळी, ते याच्यातून कळेल."

धुरपदाबाई हसल्या. "त्याले यंत्र कशाले पाह्यजे? बारकी न्यारी हाये. घरातली भितीच्या कडंकडंनं चिकचिक करत जाते. हे बाई तोंड उघडत नाई. अन् घरात तं हे पायच ठेवत नाई. दोघी एकमेकीच्या वाटंलेबी जात नाई. मी तीस वर्सांपासून पाहून रायली."

"तुझं पाहणं पुस्तकात नाही ना घालता येत, आत्या," सर म्हणाले.

त्यांना पुरावा हवा होता आणि तो गुणसूत्रांत होता. मित्रांनो, प्रत्येक जिवाच्या शरीरात सूक्ष्म पेशी असतात आणि प्रत्येक पेशीत धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात. आईबापांकडून लेकरांकडे जे जे येते ते या धाग्यांवरून येते. पेशी दुभंगायला निघाली की हे धागे आखडून छोट्या काड्यांसारखे होतात आणि तेवढा वेळच मोजता येतात. घरातल्या चिचुंद्रीच्या पेशीत आमच्या भागात चाळीस काड्या असतात. बागेतली बारकी तीच असेल, तर तिच्यातही चाळीसच सापडायला हव्यात. संख्या वेगळी निघाली आणि दोघींच्या मधल्या संख्येची एकही सापडली नाही, तर दोघी एकाच बागेत राहूनही एकमेकींशी जुगत नाहीत, म्हणजेच त्या दोन वेगळ्या जाती आहेत, असे म्हणता येणार होते.

ऐकायला हे सोपे वाटते. करायला सरांना सहा वर्षे लागली. प्राणी जिवंत हवा. त्याला औषध टोचायचे, म्हणजे दुभंगणाऱ्या पेशी मध्येच थांबतात. दीड तासाने त्याला मारून मांडीच्या हाडातला मगज काढायचा, तो एका द्रावणात फुगवायचा, दुसऱ्यात टिकवायचा आणि खांद्याइतक्या उंचीवरून थेंब थंडगार काचपट्टीवर सोडायचा. थेंब नीट फुटला तर काड्या पसरतात. नाही फुटला तर सगळा गोळा. शेकडो काचा गोळ्यांच्याच निघाल्या. कॉलेजात त्यांना 'चिचुंद्रीवाले सर' म्हणत. स्टाफरूममध्ये ते आले की एखादा नाकाला रुमाल लावे आणि बाकीचे हसत.  सरांच्या हातांना खरोखरच तो वास येई. माझ्या पितळी स्क्रूंनाही येत असे.

त्यांच्या सोबतीला एकच माणूस होता. पितांबर, आमचे प्रयोगशाळा परिचर. वयाने सरांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, धुळ्याजवळच्या एका खेड्यातले, बोली अहिराणी. सर त्यांना पितांबरभाऊ म्हणत. काचा धुणे, द्रावणे मोजून ठेवणे, पेशी नळीच्या तळाशी बसाव्यात म्हणून हाताने फिरवायचे चक्रयंत्र न थकता फिरवणे ही त्यांची कामे. चिचुंद्रीला दिवसभर सारखे खायला लागते. काही तास उपास पडला तरी ती मरते. म्हणून पितांबरभाऊ रविवारीसुद्धा झुरळांनी भरलेली बरणी घेऊन येत.

१९९२ साली एका बारक्या मादीच्या काचेवर पहिल्यांदा काड्या सुट्या पसरल्या. सरांनी मोजल्या. अडतीस. पुन्हा मोजल्या. अडतीस. त्या दिवशी त्यांनी मला दोन्ही हातांनी धरले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे कौतुक होते.

पण ते टिकले नाही. सरांचा पीएच.डी.चा प्रबंध तपासणाऱ्यांचे पत्र आले. एकच प्राणी, तोही मादी. दक्षिणेकडे घरातल्या चिचुंद्रीतही गुणसूत्रांची संख्या बदललेली आढळते. तुमचा प्राणी असाच एखादा अपवाद असू शकतो. आणखी प्राणी दाखवा, निदान एक नर तरी दाखवा. मित्रांनो, आक्षेप खोटा नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिली, डिसेंबर १९९४ पर्यंत. त्यानंतर नोंदणीच रद्द होणार होती.

पुढची दोन वर्षे सर दर सुटीला सावद्याला जात आणि रिकाम्या हाताने परत येत. बारकी सापळ्यात येई ती मेलेलीच. भीतीने आणि भुकेने तिचा जीव तासाभरात जाई. १९९४ च्या ऑगस्टमध्ये मात्र नवल घडले. एकाच आठवड्यात एक नर आणि एक मादी जिवंत मिळाली. सर त्यांना पिशवीत गवत भरून, वाटेत दर अर्ध्या तासाला किडे चारत धुळ्याला घेऊन आले. पण टोचायचे औषध संपले होते. पुण्याला मागणी गेली. औषध येईपर्यंत ती दोन जनावरे जगवणे एवढेच काम उरले. पितांबरभाऊंनी ती जगवली. नर चिमट्यातून झुरळ घ्यायचा तेव्हा ते खुदकन हसत.

मग सुरतेत प्लेगची साथ आल्याची बातमी आली.

ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. सुरतेहून माणसांचे लोंढे निघाले. आमच्या भागातले कितीतरी लोक तेथे यंत्रमागावर कामाला होते. ते ट्रकने, बसने, मिळेल त्या वाहनाने धुळ्याकडे धावले. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. औषधांच्या दुकानांतल्या गोळ्या संपल्या. शाळा बंद झाल्या, आमचे कॉलेजही बंद झाले. उंदीर दिसला की लोक काठी घेऊन धावत आणि चिचुंद्री उंदीर नाही, हे ऐकायला कोणी थांबत नसे.

पितांबरभाऊंचा धाकटा भाऊ झुलाल सुरतेहून परत आला तोच तापाने फणफणत. गल्लीतल्या लोकांनी त्याच्या दारापुढे काटे टाकले. नळावर पितांबरभाऊंच्या बायकोला कोणी हंडा लावू देईना. तरीही पितांबरभाऊ रोज सकाळी मागच्या दाराने येत, पिंजऱ्यापुढे बसत आणि झुरळे टाकत. 

रविवारी सावद्याहून धुरपदाबाईंचा निरोप आला. बागाईतदारांनी मिळून ठरवले आहे, प्रत्येक बागेत विष टाकायचे. सर पिंजऱ्याजवळ आले, दोन्ही जनावरांकडे पाहिले आणि म्हणाले, "पितांबरभाऊ, मला जावंच लागेल. बागच गेली तर पुढे काय दाखवू? दोन दिवसांत येतो. तेवढं यांना जपा."

"तुम्ही जा, सर. मी शे ना," पितांबरभाऊ म्हणाले.

सर गेले. आणि सोमवारी दुपारी पोस्टमन पुण्याचे पार्सल देऊन गेला. महिनाभर वाट पाहिलेले औषध सर गेल्यावर एका दिवसाने आले.

मंगळवारी सकाळी प्राचार्य स्वतः प्रयोगशाळेच्या दारात आले. आत आले नाहीत. ते वाईट गृहस्थ नव्हते, घाबरलेले होते.

"पितांबर, पिंजऱ्यात जनावरं आहेत?"

"हा सर. दोन चिचुंद्र्या शेतंस."

"उद्या दहा वाजता फवारणीवाले येतायत. एक जिवंत जनावर दिसलं तर कॉलेजला सील लागेल. आज संध्याकाळच्या आत मारून, रॉकेल टाकून जाळून टाका."

"सर, नारखेडे सर येतीन. दोन दिन थांबा ना."

"तुमचा भाऊ सुरतेहून आलाय. तुम्हाला इथं येऊ देतोय हेच लोकांना कळलं तर माझी धडगत नाही. आज संध्याकाळपर्यंत. समजलं?"

पितांबरभाऊ कोपऱ्यावरच्या बूथवर धावले. सावद्याच्या एका दुकानात फोन लागला. सर बागांमधून फिरताहेत, कुठल्या बागेत ते माहीत नाही, असे उत्तर मिळाले. परत आले तेव्हा साडेअकरा झाले होते. ते स्टुलावर बसले. एकदा पिंजऱ्याकडे, एकदा पार्सलकडे पाहिले. मग उठून त्यांनी दार आतून लावले आणि पार्सलची सुतळी तोडली.

मित्रांनो, मी टेबलावरच होतो. मला वाटले, हा माणूस वेडा झाला आहे. आठवीपर्यंत शिकलेला परिचर ते काम करायला निघाला होता, जे साधायला सरांना सहा वर्षे लागली होती. चुकले तर दोन्ही जनावरे वाया, आणि न करावे तरी दोन्ही जनावरे वायाच.

त्यांनी आधी मादी घेतली. हातात ती अंगठ्याएवढीच होती. औषध किती भरायचे हे त्यांनी सरांना अनेकदा करताना पाहिले होते, पण पाहणे वेगळे आणि सुई हातात धरणे वेगळे. औषध जास्त गेले. वीस मिनिटांत मादीने अंग ताणले आणि ती थंड झाली. पितांबरभाऊंनी तिला तळहातावर घेतले, फुंकर घातली, कापसाने चोळले. काही झाले नाही.

"माफ कर माय," ते म्हणाले. एवढेच. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते, कारण मादीचे हाड ताबडतोब काढायला हवे होते. त्यांनी ते काढले.

मग नर. या वेळी त्यांनी औषधात पाणी घालून ते निम्मे केले. सुई टोचली. नराला पुन्हा पिंजऱ्यात सोडले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत ते बसून राहिले. या दीड तासात त्यांनी नराला चिमट्याने झुरळ दिले. त्याने ते घेतले. मला अजूनही कळत नाही की त्या क्षणी त्यांनी ते का दिले. कदाचित त्याला उपाशी पाठवायचे नव्हते.

वेळ भरली. पुढचे मी पाहिले, पण सांगवत नाही. त्यांनी ते झटकन केले, त्याला फार सोसावे लागले नाही. मग द्रावण. ते कोमट हवे. त्यांनी परीक्षानळी काखेत धरून ऊब दिली. वीज नव्हती, चक्रयंत्र हाताचेच. ते फिरवताना त्यांच्या कपाळावरचा घाम टेबलावर टपटपत होता. बर्फ नव्हता म्हणून काचपट्ट्या त्यांनी पिण्याच्या माठात बुडवून ठेवल्या होत्या. शेवटी एकेक पट्टी काढून, हात खांद्यापर्यंत वर नेऊन, त्यांनी थेंब सोडले. स्पिरिटच्या दिव्यावर पट्ट्या सुकवल्या. नऊ काचा झाल्या. पाच मादीच्या, चार नराच्या. प्रत्येकीवर त्यांनी पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिले आणि त्या खोक्यात उभ्या लावल्या.

मग हुकुमाप्रमाणे दोन्ही देह मागच्या अंगणात नेऊन जाळले. पिंजरे फिनेलने धुऊन उलटे ठेवले. ऊन कलले होते. दाराला कुलूप लावण्याआधी ते पिंजऱ्यांपुढे उभे राहिले आणि झुरळांची बरणी उघडून उरलेली झुरळे त्यांनी खिडकीबाहेर झटकून टाकली.

सर गुरुवारी आले. त्यांचा शर्ट मळलेला होता, ओठ सुकले होते. ते सरळ पिंजऱ्यांकडे गेले आणि उलटे ठेवलेले पिंजरे पाहून जागीच थांबले.

"कुठायत?"

पितांबरभाऊ मान खाली घालून उभे होते. "प्राचार्यसना हुकूम व्हता, सर."

"कुठायत, विचारतोय मी!"

"मारी टाकात."

सरांनी आयुष्यात कधी कोणाला अरेतुरे केले नव्हते. त्या दिवशी केले. "तू मारलंस? तुझ्या भरवशावर टाकून गेलो होतो मी! तुला कळतंय का तू काय केलंस? तिकडे बागेत एक जिवंत जनावर उरलं नाही. एक नाही! वाफ्यावाफ्यात मरून पडलेत. आत्या टोपली घेऊन गोळा करत होती. म्हणाली, 'बाबू, हे पाय, तुह्या बारक्या. मी सगळ्याइले सांगलं, हे उंदीर नोहे म्हणून. कोन्हीच आयकलं नाई.' ही दोनच राहिली होती. ही दोन!"

ते मटकन स्टुलावर बसले आणि त्यांनी डोके माझ्या शेजारी टेबलावर टेकले. त्यांचे खांदे हलत होते.  पितांबरभाऊंनी कपाटातून खोके काढून सरांच्या हाताजवळ ठेवले.

"हे काय?"

"काचा शेतंस, सर. औषध सोमवारले उनं. मारनंच व्हतं, मंग मी तुमनं काम करी टाकं. मनाघाई जसं बननं तसं. मादी मनाघाई बिघडनी. औषध जास्ती व्हयनं." त्यांनी खोक्यातल्या शेवटच्या चार काचांकडे बोट केले. "नर बरा व्हई कदाचित. माले समजत नही."

सरांनी डोके वर केले. "तुम्ही केलंत? तुम्हाला कोणी शिकवलं?"

"तुमलेच देखीसन शिकनू."

सर खोक्याकडे पाहत राहिले. त्यांना काचांवर विश्वास नव्हता, हे मला दिसत होते. तरीही त्यांनी काचा रंगात बुडवल्या, धुतल्या, सुकवल्या. मग माझ्या भिंगाखाली पहिली काच आली. मादीची. सगळा गोळा. दुसरी, गोळा. तिसरी, चौथी, तशाच. पाचवीत एका पेशीत काड्या दिसत होत्या, पण एकमेकींवर पडलेल्या. मोजता येत नव्हत्या.  नराची पहिली काच तर रिकामीच होती, थेंब नीट बसलाच नव्हता. पितांबरभाऊ दाराशी भिंतीला टेकून उभे होते. ते सरांच्या पाठीकडे पाहत होते, कारण त्या पाठीवरूनच त्यांना काय ते कळणार होते.

नराची दुसरी काच. सरांनी माझी नळी हळूहळू खाली आणली. आरशातून ऊन आले. आणि मित्रांनो, मी पाहिले. एका पेशीत काड्या अशा सुट्या पसरल्या होत्या, जणू कोणी मूठभर तांदूळ परातीत टाकून हलकेच हलवले असावेत. सरांनी कागदावर एकेक काडी काढायला सुरुवात केली. ओठ हलत होते. अडतीस. शेजारची पेशी. अडतीस. त्यांनी अकरा पेशी मोजल्या. अकराही वेळा अडतीस. आणि त्या अडतिसांत एक इवलीशी काडी, जिला जोडीदार नव्हता, जी फक्त नरातच असते.

सर उभे राहिले.  ते दाराशी गेले, पितांबरभाऊंचे दोन्ही हात धरले आणि ते हात त्यांनी कपाळाला लावले. फिनेलचा वास असलेले ते हात पितांबरभाऊ मागे ओढत होते आणि सर सोडत नव्हते.

"या, तुम्ही बघा," सर शेवटी म्हणाले.

तेव्हा मला एक गोष्ट लक्षात आली आणि माझी मलाच लाज वाटली. इतकी वर्षे या माणसाने मला रोज पुसले होते, माझी पेटी उचलली होती, माझे स्क्रू तेल देऊन मऊ ठेवले होते. पण माझ्यातून पाहायला त्याला कोणी कधी सांगितलेच नव्हते. त्यानेही कधी विचारले नव्हते. पितांबरभाऊ चाचरत आले, वाकले आणि त्यांनी चुकून दोन्ही डोळे मिटले. सरांनी त्यांना एक डोळा उघडा ठेवायला सांगितले.

ते कितीतरी वेळ पाहत राहिले.

"हाऊ तोच शे का, सर?" त्यांनी विचारले. "ज्याले मी झुरळ दिन्हं?"

"हो," सर म्हणाले. "तोच."

मित्रांनो, या गोष्टीचा शेवट सगळा गोड झाला असे मला सांगता आले असते तर बरे झाले असते. प्रबंध स्वीकारला गेला. सरांनी त्यात छापले की नराच्या काचा पितांबरभाऊंनी तयार केल्या. झुलालचा ताप हिवतापाचा निघाला. तो बरा झाला, गल्लीने काटे उचलले. पण बारकी चिचुंद्री धुरपदाबाईंच्या बागेत पुन्हा दिसली नाही. सर चार वर्षे सापळे लावत राहिले. आत्या दर वेळी सांगत, "नाई रे बाबू. पान पान उचलून पायते मी. घरातल्या परत आल्या, भितीच्या कडंनं चिकचिक करतात. ते नाई आली." दुसरीकडे कुठे ती असेलही. मला आशा आहे. पण त्या बागेत ती वेगळी होती, हे आम्ही सिद्ध केले आणि त्याच आठवड्यात ती तेथून गेली. नाव लागले तेव्हा घर रिकामे होते.

त्यानंतर पितांबरभाऊ निवृत्त झाले. सर दुसऱ्या गावी बदलून गेले. जाताना काचांचे खोके कपाटात नीट ठेवून, "जपा" असे नव्या माणसांना सांगून गेले. नवी माणसे चांगली आहेत, पण त्यांच्याकडे दोन डोळ्यांचे, विजेवर चालणारे नवे सूक्ष्मदर्शक आले आहेत. माझ्या भिंगावर बुरशीचे जाळे धरले आहे. आता आम्हाला प्रयोगशाळेतून काढून व्हरांड्यात ठेवले आहे: मोडकी स्टुले, गंजलेले पिंजरे, मी आणि माझ्या पायाशी ते खोके. त्यावर कोणीतरी खडूने 'जुन्या काचा' असे लिहिले आहे. भंगारवाला सोमवारी येणार, असे शिपाई बोलत होते. त्याला पितळ आणि लोखंड हवे असते. काचा तो पांझरेच्या पात्रात ओतून जाईल.

मला हाक मारता येत नाही. मी काय पाहिले ते मला इथल्या कोणाला सांगता येत नाही. माझ्यातून पाहणाऱ्यालाच ते दिसते. म्हणून मित्रांनो, तुम्हाला विनवतो. माझे भिंग पुसले नाही तरी चालेल. मला नेले तरी चालेल. पण अंगणातला जीव मारण्याआधी तो कोण आहे हे एकदा विचारा, आणि एखादी जुनी वस्तू फेकण्याआधी ती ज्याने जपली त्याला विचारा. पितांबरभाऊ अजून धुळ्यातच राहतात. सोमवारला तीन दिवस आहेत. तुमच्यापैकी कोणी या व्हरांड्यावरून जाणार असेल, तर कृपा करून थांबा, ते खोके उचला आणि त्यांच्या घरी पोहोचते करा.